देवाशी घरचे बोलणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या की, यंदा बाहेरचे पाहुणे बोलवायचे नाहीत, आपल्यापैकीच कोणीतरी उभे राहून बोलायचे, आणि विषय ठेवायचा प्रार्थना. एवढे सांगून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि वहीत माझे नाव लिहून टाकले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कीर्तनकारासारखे दाखले देत बोलणे मला जमायचे नाही. पण प्रार्थना ही गोष्ट शिकलेल्या बाईला जितकी लागते तितकीच न शिकलेल्या बाईलाही लागते, हा विचार करून धीर केला. जे बोलायचे ते लिहून आणले आहे. अडखळले तर सांभाळून घ्यावे.

आपण सगळ्याजणी देवाचे काही ना काही करतोच. सकाळी अंघोळ झाली की देवापुढे दिवा लावतो, उदबत्ती लावतो, जास्वंदीचे फूल मिळाले तर वाहतो. तोंडाने स्तोत्र चालू असते आणि डोळा गॅसवरच्या दुधावर असतो. याला मी नावे ठेवीत नाही. ज्या बाईच्या घरात आठला डबे तयार व्हावे लागतात, तिने दुधाकडे पाहू नये तर कोणी पाहावे? पण एक गोष्ट मी स्वतःशी मोजून पाहिली, ती तुम्हीही पाहा. सकाळपासून रात्रीपर्यंत देवापुढे आपण जे जे म्हणतो, त्यात आपले स्वतःचे वाक्य किती असते? आरती समर्थांची, हरिपाठ ज्ञानोबा माउलींचा, व्रताची कहाणी पुस्तकातली. ते शब्द थोर आहेत, त्यांच्या आधारावर आपल्या आज्या-पणज्या जगल्या. परंतु समजा, एखादी मुलगी रोज आपल्या आईला दुसऱ्या कोणी लिहिलेले सुंदर पत्र वाचून दाखवते, आणि स्वतःचे म्हणून एक अक्षरही बोलत नाही, तर त्या आईला काय वाटेल?

दुसरी गोष्ट भीतीची. पूर्वी घरी पोस्टकार्ड यायचे. अमुक गावी देवीचा चमत्कार झाला, तुम्हीही अशीच कार्डे लिहून पाठवा, न पाठवल्यास घरात अरिष्ट येईल. आता तेच मोबाईलवर येते, अकरा जणींना पाठवा म्हणून. आपल्यापैकी किती जणी ते पुढे ढकलतात, हे मी विचारीत नाही. (हशा) पण जो देव एक निरोप पुढे पाठवला नाही म्हणून आपल्या लेकराला ताप आणील, त्याच्याशी प्रेमाचे नाते कसे जुळावे? त्याला हप्ता भरता येईल फार तर. नवसाचेही मला थोडे असेच वाटते. नवस बोलणाऱ्या बाईची तळमळ खोटी नसते, माझ्या सासूबाईंनीही नवस बोलले आणि फेडले. पण वाण्याची उधारी चुकती झाली की आपण त्याच्या दुकानासमोरून निवांत निघून जातो, तसे देवाचे होऊ नये एवढेच मला म्हणायचे आहे.

मग नाते कसे असावे? वारकऱ्यांनी पंढरपूरला माहेर म्हटले आहे. हा शब्द पुरुषांनीही वापरला. पण त्याचा अर्थ आपल्याइतका कोणाला कळणार! माहेरी गेल्यावर आपण काय बोलतो ते आठवा. पहिल्या घटकेला कोणी मोठे मागणे काढीत नाही. भाजी काय केली, गाय व्याली का, शेजारची अमुक कुठे दिसत नाही, असले किरकोळ बोलणे चालते. मग आई डोक्याला तेल लावायला बसते, आणि तेल जिरता जिरता खरे काय ते बाहेर येते. सासरी काय चालले आहे ते कळते, रडू येते. आई आपल्या सासरचा त्रास दूर करू शकते का? बहुधा नाही. दुसऱ्या दिवशी तीच आपल्याला गाडीत बसवून परत पाठवते. तरी आपण पुन्हा तिच्याचकडे जातो. तेथे काही मिळते म्हणून जातो असे म्हटले तर ते खरे नाही, आणि काहीच मिळत नाही असे म्हटले तर तेही खरे नाही.

माझे माहेर गंगाखेडकडचे. गोदावरीच्या काठचे हे गाव जनाबाईचे म्हणून प्रसिद्ध आहे, तेथे तिचे मंदिरही आहे. तेव्हा जनीचे नाव माझ्या कानावर अगदी लहानपणापासून. गंगाखेडची ही पोर लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला राहिली. दामाशेटी म्हणजे नामदेवांचे वडील. पुढे आयुष्यभर ती त्या घरचे दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे करीत राहिली आणि स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेत राहिली. नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा सांगतात, म्हणजे ही साडेसहाशे-सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट. जनीच्या नावावर तीनशेहून जास्त अभंग आहेत. सगळेच तिचे स्वतःचे की काही मागून कोणी तिच्या नावे रचले, हा विद्वानांचा प्रश्न. मी त्यात पडत नाही.

आपल्या मंडळाच्या कपाटात संतांच्या अभंगांचे जाड पुस्तक आहे, ते घरी नेऊन मी जनाबाईचे अभंग सावकाश वाचले. एका दिवशी दोन-चार, त्याहून जास्त नाही. शाळेत आम्हांला जी जनाबाई शिकवली होती ती हात जोडून बसलेली, गरीब बिचारी होती. पुस्तकात भेटली ती बाई निराळीच. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, पाणी भरतो, केर भरतो, तिची वेणी घालतो. एवढेच नव्हे तर तिच्या डोक्यातल्या उवासुद्धा काढतो! देवाच्या गाभाऱ्यात हा विषय काढायची आपल्याला लाज वाटेल. जनीला वाटली नाही. केस विंचरायला घरात कोणी नाही, हे तिचे दुःख होते आणि तिने ते देवाला जसेच्या तसे सांगितले.

आणि ती भांडते. एका अभंगात तर ती विठ्ठलाला एकेरीवर आणून अशा शिव्या घालते की, त्या या व्यासपीठावरून मला उच्चारता यायच्या नाहीत. त्याच्या बायकोच्या कुंकवापर्यंत जाते. दुसऱ्या एका ठिकाणी ती म्हणते की, पंढरीच्या या चोराला मी गळ्याला दोर बांधून धरून आणला आणि काळजात कोंडून ठेवला. शेवटी तो विठ्ठलच काकुळतीला येतो. दासीचे काम करणारी बाई, धन्याच्या घरात जिला मान वर करून बोलता येत नसेल, ती देवापुढे अशी उभी राहते. आपल्याकडे देवाला घाबरून राहणे म्हणजेच भक्ती, अशी समजूत पसरली आहे. जनीला कोणी सांगितले असते की देवाशी असे बोलू नये, तर ती काय म्हणाली असती कोण जाणे.

जनीचे हे बोलणे झाले कोठे? बरेचसे जात्यावर. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचे जाते म्हणून एक जाते दाखवतात, वारीला गेलेल्या आपल्यातल्या कित्येकींनी त्याचा खुंटा धरून पाहिला असेल. जुन्या बायकांना ठाऊक आहे, दळण म्हणजे पहाटेचे काम. कोंबडा आरवायच्या सुमाराला उठायचे, एकटीने किंवा समोर जाऊ-नणंद घेऊन बसायचे, मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडात टाकायचे आणि ओढीत राहायचे. घरातले पुरुष झोपलेले, सासूही झोपलेली. जात्याच्या घरघरीत बाईचा आवाज दारापलीकडे जात नाही. चोवीस तासांत बाईला मन मोकळे करायला मिळणारी तेवढी एक वेळ. पहिल्या ओव्या देवाच्या, मग आईबापाच्या, भावाच्या, आणि मग सासरच्या जाचाच्या. त्या ओव्यांमध्ये विठ्ठल कधी बाप, कधी भाऊ, कधी सखा. रुक्मिणी जनीवरून त्याच्यावर रुसते, आणि ओवी गाणारी बाई त्यांच्या घरच्या भांडणात शेजारणीसारखी बोलते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी आपल्या सोबत्यांसह महाराष्ट्रातली खेडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! त्या ओव्या रचताना बायकांनी कागदाला हात लावला नव्हता. या सगळ्या प्रार्थनाच आहेत असे मला वाटते, जरी त्यांना कोणी प्रार्थना म्हटले नाही.

आता जाते गेले. चक्की आली, मिक्सर आला, तयार पीठही आले. जाते गेले याचे मला दुःख नाही. ज्यांनी जाते ओढले त्यांच्या हाताचे घट्टे मी पाहिले आहेत. पण जात्याबरोबर ती पहाटेची वेळही गेली, आणि तिच्या जागी आपण दुसरी कोणती वेळ ठेवली नाही. हातात मोबाईल आहे, त्यात देवाचे फोटो आहेत, आरत्या आहेत, गाभाऱ्यातले दर्शनसुद्धा आहे. सगळे पाहायचे आणि ऐकायचे. बोलायची जागा तेवढी नाही.

येथे एक नाजूक विषय काढते. आपल्यातल्या अनेकजणी महिन्याचे चार दिवस देवघरापासून दूर राहतात. कोणी काय पाळावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, मी कोणाला मोडा म्हणत नाही. पण एका तरुण सुनेने मला विचारले, "मावशी, त्या दिवसांत मनात देवाचं नाव आलं तर चालतं का?" तिचा चेहरा पाहून मला वाईट वाटले. चोखोबांची पत्नी सोयराबाई हिने या विटाळाविषयी सातशे वर्षांपूर्वी विचारून ठेवले आहे. तिच्या म्हणण्याचा आशय असा की, देहाचा विटाळ देहातच आहे, त्यातूनच प्रत्येक जीव जन्माला आला, मग सोवळा राहिला तो कोण? हे विचारणारी बाई मंदिराच्या पायरीलाही शिवू शकत नव्हती. चोखोबांच्या कुटुंबाला त्या दारातून आत घेतले नाही, आणि पुढे त्यांच्या समाजाला ते दार उघडावे म्हणून १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. इतकी शतके दार बंद होते. सोयराबाईचे आणि विठ्ठलाचे बोलणे मात्र बंद नव्हते. ती त्याला आपल्या घरी जेवायला बोलावीत होती. मी त्या सुनेला एवढेच सांगितले, की देवघराला दार आहे, मनाला नाही.

आणि ज्या भगिनींना वाटते की घरच्या माणसांना आवडत नाही म्हणून आपले देवाचे काही होत नाही, त्यांच्यासाठी शिऊरच्या बहिणाबाईंचे नाव घेते. खानदेशातल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी निराळ्या, या तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाई. त्यांचा काळ १६२८ ते १७०० असा सांगतात. अगदी लहानपणीच तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न झाले. पतीला हिचे भजन मुळीच खपत नसे, त्याने हिला मारझोडही केली. हे सर्व तिने स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवले आहे. बाईचा जन्म, वेदाला कान लावायचा नाही, स्वतःच्या मनाप्रमाणे काही करायचे नाही, मग मी देवाकडे जाऊ तरी कशी, असे तिने देवालाच विचारले. तक्रार देवाबद्दलची आणि तक्रार ऐकणाराही देवच! मला ही जागा फार आवडते. मारझोड सोसावी असे मात्र मी यातून सांगत नाही. काळ बदलला आहे, कायदा आहे, मंडळ आहे.

आता जे सांगायचे आहे ते मला सोपे नाही. पण त्याशिवाय प्रार्थनेवर बोलणे म्हणजे नुसते चांगले चांगले बोलणे होईल.

२०२१ सालच्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली, तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाईंना दवाखान्यात ठेवावे लागले. पन्नाशीही झाली नव्हती. आम्ही दोघी सोळा वर्षे एका चुलीवर रांधलेल्या. त्या बारा दिवसांत आमच्या घरात देवाचे जेवढे झाले तेवढे कधी झाले नसेल. सासूबाईंनी नवस बोलला. मी रोज हरिपाठ म्हणत होते. मुले दिव्याजवळून उठत नव्हती. तेराव्या दिवशी पहाटे फोन आला. शेवटचे तोंडही नीट पाहायला मिळाले नाही, ते दिवस तुम्हांला सांगायला नकोत, या सभेत अशी घरे आणखीही आहेत.

नंतर समाचाराला आलेल्या एक बाई बोलता बोलता म्हणाल्या, "देवाचं कुठंतरी कमी पडलं असेल हो." वाईट हेतू नव्हता. काय बोलावे ते सुचत नाही तेव्हा माणसे असे काहीतरी बोलतात. पण जाऊबाईंची बारा वर्षांची मुलगी दाराआड उभी होती. रात्री माझ्याजवळ निजताना तिने विचारले, "काकू, मी त्या दिवशी दिवा लावायला विसरले होते, म्हणून झालं का?"

भगिनींनो, त्या बाईंचे वाक्य आणि या लेकराचा प्रश्न, यासाठी मी आज येथे उभी आहे. मी तिला पोटाशी धरून सांगितले, की नाही बाळा, दिव्याने माणूस मरत नाही आणि जगतही नाही. मग तिने विचारले, "मग देवानं ऐकलं का नाही?" मी म्हटले, "मला ठाऊक नाही." आजही तेच उत्तर आहे. कोणी मला सांगितले की, त्यात देवाचा काही चांगला हेतू असेल, तर मी ऐकून घेते, पण त्या मुलीच्या तोंडावर ते बोलायला माझी जीभ रेटत नाही.

त्यानंतर कित्येक आठवडे मी दिवा लावीत होते, हाताला सवय म्हणून. बोलणे काही नव्हते. एका सकाळी तांदूळ निवडता निवडता आपोआप तोंडातून निघाले, आणि मोठ्याने निघाले: "तुझ्याकडं काय माणसांची वाण होती का रे, म्हणून आमच्या जाऊबाईंना नेलंस? आता ह्या पोरीच्या वेण्या कोणी घालायच्या?" आणखीही पुष्कळ बोलले. बोलून झाल्यावर पाहते तर सासूबाई दारात उभ्या. मला वाटले आता रागावतील. त्या म्हणाल्या, "भांड, भांड. परक्याशी कोण भांडतं?" आणि आत निघून गेल्या. त्यांची तर पोटच्या लेकीसारखी सून गेली होती.

जनाबाईचे पुस्तक मी कपाटातून नेले ते यानंतर. आणि वाचताना एक गोष्ट मनात आली ती अजून गेली नाही. विठ्ठल जनीच्या घरी इतक्या वेळा आला, पण त्याने तिचे दळण चुकवले नाही. सर्वशक्तिमान देव तो, त्याने एका रात्रीत पिठाची रास करून ठेवायला काय हरकत होती? जनीला दासीपणातून सोडवून पालखीत बसवायला काय हरकत होती? तसे काहीही झालेले जनी सांगत नाही. दाणे तेवढेच राहिले, जाते तेवढेच जड राहिले. तो खुंट्याला हात लावून समोर बसला. तिने मागितले तेही तेवढेच होते. माझी आई गेली, बाप गेला, आता तू सांभाळ, असे ती म्हणते. सांभाळ म्हणते, माझे दुःख संपव म्हणत नाही.

देवाने माझे ऐकले असे मी म्हणणार नाही. ऐकले असते तर जाऊबाई आज पुढच्या रांगेत बसलेल्या असत्या आणि माझे भाषण लांबले म्हणून खुणा करीत असत्या. पण त्या दिवशी देवाला वेण्यांचे विचारून मी उठले आणि तेलाची वाटी घेऊन पोरीला समोर बसवले. तिचे केस तिच्या आईसारखेच दाट. आम्ही दोघीही काही बोललो नाही. त्यानंतर रोज बसतो. अलीकडे ती तेल लावताना शाळेतले सगळे सांगते, न विचारता.

मागच्या महिन्यात एका कॉलेजातल्या मुलीने मला विचारले, "काकू, हे सगळं आपलं आपल्याशीच बोलणं नाही कशावरून?" प्रश्न रास्त आहे. कोर्टात उभे करता येईल असे माझ्याजवळ काही नाही. पण मला एक जाणवते. मी जेव्हा मनातल्या मनात स्वतःशी बोलते, तेव्हा दर वेळी माझाच पक्ष खरा निघतो. कोणी मला काय बोलले, मी कशी बरोबर, हेच गिरणीच्या पट्ट्यासारखे फिरत राहते. त्याच गोष्टी देवाला सांगायला बसले की निम्म्या सांगवत नाहीत. ज्याला सगळे आधीच ठाऊक आहे त्याच्यापुढे तिखटमीठ लावून काय सांगणार? माझ्यापुरते हे पुरेसे आहे. त्या मुलीला ते पुरले नाही, तिने तसे स्पष्ट सांगितलेही, आणि त्याबद्दल मला ती आवडते.

हे सारे करायचे कधी, असे कोणी विचारील. आपल्याकडे नळाला पाणी पहाटे येते. हंडे भरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे उभे राहावेच लागते. ती माझी वेळ. मोबाईल आत ठेवते. आधी कालच्या दिवसात काय झाले ते सांगते, अगदी साखर संपली इथपासून. मग ज्यांचे दुखतेखुपते त्यांची नावे घेते. मागायचे असले तर मागते. मागण्यात कमीपणा काही नाही, मुलगी आईकडे मागतेच. मग शेवटची काही मिनिटे गप्प उभी राहते. हे शेवटचे सगळ्यांत कठीण. पहिल्यांदा तर भाजीचा हिशोबच आठवायचा. नुसते नाव घेत राहिले की जरा थारा मिळतो. काही दिवस काहीच वाटत नाही, नळ आणि हंडा एवढेच. अशा दिवशीही मी उभी राहते. नवऱ्याशी तरी रोज कुठे प्रेमाचे बोलणे होते? (हशा) पण चहा दोघांचा एकदमच ठेवतो.

आमच्या गल्लीतल्या एक मुसलमान भगिनी सांगत होत्या की, नमाज अरबीत असते, पण त्यानंतर हात पसरून दुआ मागतात ती आपल्या बोलीत चालते, मनात येईल ते बोलावे. मला ऐकून बरे वाटले. म्हणजे पाठ केलेले आणि आपले, दोन्हींना जागा आहे. आपणही आरती सोडायची नाही, आरतीनंतर दोन वाक्ये आपली जोडायची. देवाचे नाव कोणते घ्यावे, हा आग्रह माझा नाही. माझा विठोबा आहे, कारण मी गंगाखेडकडची.

शेवटी एक विनंती आहे, ती अध्यक्षबाईंना आधी सांगून ठेवली आहे. आपले एकादशीचे भजन असते. भजन झाले की लगेच टाळ पिशवीत जातात आणि प्रसादाची गडबड सुरू होते. त्याऐवजी पाच मिनिटे दिवे मंद करून सगळ्यांनी गप्प बसावे, आणि ज्याचे त्याने ज्याच्या त्याच्या देवाशी बोलावे. कोणी कोणाला काय मागितले ते विचारायचे नाही. आपल्यातल्या दोन-तीन भगिनी घरात दुःख झाल्यापासून भजनाला येत नाहीत. त्यांना मी मुद्दाम सांगते: देवाशी बोलणे सोडले असेल तरी या. गाऊ नका, टाळी वाजवू नका, हातही जोडू नका. पाठीमागच्या भिंतीशी सतरंजीवर बसा. रुसून बसलात तरी चालेल. प्रसादाचा शिरा मी करणार आहे, आणि मंडळाच्या मोठ्या पातेल्याची किल्ली चिटणीसबाईंकडे आहे ती त्यांनी आदल्या दिवशी आठवणीने द्यावी.